नाळेवरचं नाव, पाटीवरचं गाव: कोकणपट्टीत अक्षरं बघायला शिकणाऱ्यांसाठी

सुरुवात एका शब्दापासून करावी. टाइपफेसची नावं, डिझाइनचा इतिहास, रंगांचे सिद्धांत हे सगळं मागाहून येतं. रंगवलेल्या एका पाटीसमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि पेंटरने कुठे काय ठरवलं ते शोधायचं, एवढंच पहिलं काम. त्यासाठी कोकणपट्टी फार सोयीची आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत हाताने काढलेली अक्षरं इथे अजून रोजच्या वापरात आहेत: होड्यांवर, देवळांच्या कमानींवर, शाळांच्या भिंतींवर, आंब्याच्या पेट्यांवर, दशावतारी मंडळांच्या गाड्यांवर. प्रत्येक ठिकाणी अक्षरासमोरची अडचण वेगळी. ती अडचण ओळखता आली की 'छान आहे'च्या पुढे काहीतरी बोलता येतं.

बरोबर कोरी वही, एचबी पेन्सिल, ३० सेंटिमीटरची पट्टी आणि ५ मीटरचा टेप ठेवा. फोटोला मोबाईल पुरतो. फोटो अगदी समोरून, पाटीच्या मध्याच्या उंचीवर मोबाईल धरून काढा. खालून वर काढलेल्या फोटोत अक्षरं वरच्या बाजूला निमुळती होतात आणि घरी जाऊन केलेली मापं चुकतात. चौकटीत पट्टी धरली तर पुढचं काम सोपं होतं. रंगाचा थर आणि ब्रशच्या खुणा बघायच्या असतील तर सकाळी, ऊन बाजूने पडत असताना जा. भर दुपारी ऑईल पेंट नुसता चकाकतो.

पहिली पायरी: अंतर मोजा

पाटी कुठून वाचायची आहे ते आधी ठरवा आणि तिथे जाऊन उभे राहा. साइनबोर्डच्या धंद्यात रोमन अक्षरांसाठी एक ढोबळ हिशोब चालतो: वाचणारा दर १० फूट लांब गेला की अक्षराची उंची १ इंचाने वाढवायची. म्हणजे ४० फुटांवरून वाचायच्या पाटीला ४ इंची अक्षर. देवनागरीत ही उंची शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा, आणि हिशोबापेक्षा थोडी जास्तच धरा. कारण आपल्या ओळीला तीन पट्टे लागतात: वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. रोमन कॅपिटलमध्ये सगळं सामान मधल्या पट्ट्यातच असतं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर दोन्ही लिप्या एकत्र असतात. तिथे टेप न लावताही तुलना करता येते. रोमन नाव सहज वाचता येतं त्याच अंतरावरून देवनागरीतला रफार सुटा दिसतो का, की शिरोरेखेवर नुसता डाग दिसतो?

मग अर्ध्या अंतरावर या, आणि शेवटी हाताच्या अंतरावर. तिन्ही ठिकाणी वहीत एकेक ओळ लिहा. लांबून कोणता शब्द आधी वाचला गेला, अर्ध्यावर कोणतं अक्षर खटकलं, जवळून ब्रश कुठे उचलला आणि कुठे पुन्हा टेकवला. लांबून वाचता न येणारी पाटी जवळून कितीही देखणी असली तरी तिचं काम झालेलं नाही, हे लिहायला कचरू नका.

बहुओळी पाटी असेल तर दोन ओळींमधली जागाही बघा. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो, तिथे कुणीतरी रोमनच्या सवयीने ओळी जवळ घेतलेल्या असतात. पर्यटकांसाठीच्या माहितीफलकांवर हे सर्रास दिसतं.

दुसरी पायरी: एक शब्द पूर्ण उलगडा

तळकोकणात असाल तर 'सिंधुदुर्ग' हाच शब्द घ्या. बस स्थानकं, बँका, पतसंस्था, शाळा, हॉटेलं. दिवसभरात वेगवेगळ्या हातांनी आणि फाँटांनी लिहिलेली त्याची दहा-बारा रूपं सहज गोळा होतात. आणि देवनागरीच्या बहुतेक अडचणी या एका शब्दात आहेत.

पहिलं 'सिं'. ऱ्हस्व वेलांटीचा दंड, म्हणजे उभी रेघ, अक्षराच्या डावीकडे, तिची कमान 'स'वरून जाते आणि तिने 'स'च्या दंडापर्यंत पोचायला हवं. चांगल्या फाँटमध्ये अरुंद आणि रुंद अक्षरांसाठी वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या असतात. साध्या फाँटमध्ये एकच असते, म्हणून ती कुठे अर्ध्यातच संपते, तर कुठे पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाते. शिवाय त्याच कमानीवर अनुस्वाराला बसवायचंय. हाताने काढणारा पेंटर इथे कमान थोडी चपटी करून टिंबाला जागा देतो. ती जागा कशी काढली आहे ते नीट बघा.

दुसरं 'धु'. 'ध'च्या डाव्या डोक्यावर शिरोरेखा तुटलेली असते. पट्टी लावून सगळ्या शब्दावरून एकच सलग रेघ ओढली की 'ध'चा 'घ' होतो आणि जिल्ह्याचं नाव 'सिंघुदुर्ग' वाचलं जातं. 'भ' आणि 'म'चीही हीच गत. हाताच्या पाट्यांमधली ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे. शिरोरेखा शेवटी, एका दमात मारली जाते म्हणून ती होते. ही फट किती ठेवली हेही बघण्यासारखं असतं. फार अरुंद ठेवली तर लांबून ती बुजते. सावधपणे काम करणारा पेंटर 'ध'च्या डोक्याची गाठ शिरोरेखेपासून जरा खाली घेतो.

तिसरी गोष्ट दोन उकारांची. 'धु'मधला उकार सरळ दंडाखाली लटकतो. 'द'ला तसा दंड नाही, वर आखूड दांडी, मग पोट, मग शेपूट. त्यामुळे 'दु'मधल्या उकाराला आधार वेगळ्या जागी आणि वेगळ्या उंचीवर मिळतो. दोन्ही उकार एकाच रेषेत संपवले आहेत का? संपवले असतील तर 'द' थोडा आखूड केलेला दिसेल. नसतील तर शब्द उजवीकडे घसरल्यासारखा वाटतो.

शेवटी 'र्ग'. रफार 'ग'च्या दंडावर बसतो, मधल्या पोकळीवर नाही. आणि 'ग'चा आकडा व दंड यांच्यातली पोकळी शब्दातल्या इतर पोकळ्यांइतकीच दिसायला हवी. इथे डोळे किलकिले करून सगळा शब्द बघा: कुठे काळा गठ्ठा दिसतो, कुठे भोक दिसतं? बरोबर जमलेल्या शब्दात राखाडी रंग एकसारखा पसरलेला असतो.

उत्तर कोकणात 'सिंधुदुर्ग' कुठून मिळणार? तिथे 'श्रीवर्धन' घ्या. 'श्री'चं जोडाक्षर, रफार, आणि पुन्हा तोच 'ध'.

मराठीची रूपं ओळखा

'ल' आणि 'श' यांची मराठीतली वळणं हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळी आहेत. मराठीतला 'ल' दोन पाकळ्यांचा, 'श' देठाचा. बाजारात मिळणारे बरेच फाँट मुळात हिंदी वळणाचे असतात आणि ते तसेच वापरले की गुहागर, देवगड, मालवण इथल्या पाट्यांवर परका 'ल' येऊन बसतो. अनेक चांगल्या फाँटांमध्ये दोन्ही रूपं दिलेली असतात. वेबपानावर मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली की त्यातली मराठी रूपं आपोआप येतात. जुन्या पेंटरांच्या हातात मराठी वळण असतंच. एकाच दुकानाची रंगवलेली जुनी पाटी आणि छापलेली नवी पाटी शेजारी असेल तर दोन्ही 'ल' वहीत उतरवून घ्या.

दुसरी खूण म्हणजे 'किनाऱ्यावर'. यातला अर्धा 'र' आडव्या लहरीसारखा 'य'ला जोडतो. तो टाइप करताना आधी टिंबाचा 'ऱ', मग पाय मोडणे, मग 'य'. साधा 'र' वापरला तर रफार तयार होतो आणि 'किनार्यावर' असं चुकीचं छापलं जातं. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे हा नुसता सजावटीचा प्रश्न नाही. निवासांच्या आणि रिसॉर्टच्या फलकांवर हा शब्द हमखास सापडतो. बरोबर छापलेला दिसला तर त्या फलकामागे कुणीतरी लक्ष देणारं होतं असं खुशाल समजा.

होड्यांची अक्षरं

मिरकरवाडा, हर्णे, साखरीनाटे, मालवण, कुठल्याही बंदरावर जा, होडीचं नाव पुढच्या टोकाकडे, म्हणजे नाळेजवळ, दोन्ही बाजूंना रंगवलेलं असतं. सपाट भिंतीवरच्या अक्षरांपेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे.

होडी डाव्या अंगाने बघा: नाळ तुमच्या डाव्या हाताला येते, म्हणून नाव नाळेपासून सुरू होऊन मागे जातं. उजव्या अंगाने बघितलं तर नाव मागून सुरू होतं आणि नाळेशी संपतं. म्हणजे एका बाजूला शेवटच्या अक्षराला हवी तेवढी मोकळी जागा, आणि दुसऱ्या बाजूला शेवटचं अक्षर जिथे फळ्या निमुळत्या होतात तिथेच. 'प्रसाद'मधला 'द' चेपलेला, शेपूट तोडलेला दिसला तर समजा की मोजणी न करता पहिल्या अक्षरापासून रंगवायला घेतलं. मुरलेला पेंटर आधी खडूने शेवटचं अक्षर मांडतो आणि मागे येतो.

नाळेकडे फळ्या वर चढतात. शिरोरेखा जमिनीला समांतर ठेवली तर ती फळीच्या वळणाशी भांडते आणि नाव खाली पडल्यासारखं दिसतं. म्हणून ती फळीच्या वळणाबरोबर न्यावी लागते. मग दंडांचं काय? ते फळीला काटकोनात काढले तर दोन्ही बाजूंना अक्षरं नाळेपासून मागे रेललेली दिसतात. ओळंब्यात काढले तर तिरकी शिरोरेखा आणि उभे दंड यांत अक्षर मोडतं. चांगला हात मधला कोन धरतो. तो कोन पट्टीने फोटोवर मोजता येतो. तीन-चार होड्यांचे मोजून बघा, प्रत्येक पेंटरचा स्वतःचा कोन असतो.

लाकडी होडीवर फळ्यांचे सांधे असतात आणि सांध्यावरून जाणारी रेघ आधी तडकते. फायबरच्या होडीला सांधे नाहीत, पण पृष्ठभाग गुळगुळीत. पॉलिश पेपरने घासून न घेता रंगवलं तर रंग पापुद्र्यांनी निघतो. जाळी आणि दोर जिथे घासतात तिथली अक्षरं पुसट होतात. लाल बहुधा निळ्या-काळ्याच्या आधी उन्हाने फिका पडतो, म्हणून लाल अक्षराला काळी किंवा पांढरी किनार दिली असेल तर ती नुसती शोभेची नसते: आतला लाल गेला तरी किनारीवरून नाव वाचता येतं.

रंगकाम बघायचं असेल तर पावसाळ्यातली उघडीप साधा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी डागडुजी व रंग उरकायची घाई असते. होडीला हात लावण्याआधी मालकाला विचारा, पसरलेल्या जाळ्यांवरून चालू नका, आणि बंदराच्या आवारात फोटो चालतात का ते तिथल्या कार्यालयात विचारून घ्या.

ताणलेलं अक्षर पकडणं

फ्लेक्सच्या फलकावर मजकूर चौकटीत बसवायला तो बाजूने किंवा उंचीने ओढला जातो. ओळखायची सोपी खूण अनुस्वार. मूळ गोल टिंब आडवं लंबगोल झालं असेल तर अक्षर रुंदीत ताणलेलं, उभं झालं असेल तर उंचीत. टिंब चौकोनी असेल तर रेघांची जाडी बघा: रुंदीत ताणलं की उभे दंड जाड होतात आणि शिरोरेखा तशीच राहते, उंचीत ताणलं की शिरोरेखा जाड होते आणि दंड बारीकच राहतात. आखीवपणे काढलेल्या एकसारख्या जाडीच्या अक्षरांत शिरोरेखा दंडापेक्षा किंचित बारीक असते, कारण तेवढीच जाड आडवी रेघ डोळ्याला जास्त जाड भासते. रुंद अक्षर हवं असेल तर रुंद काढलेला फाँट निवडायचा असतो. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'अनेक' हा फाँट वेगवेगळ्या रुंदीत मिळतो, आणि तोही मोफत.

अक्षरांपलीकडे: दगड, पत्ता, चित्र

अलिबागजवळच्या अक्षी गावातला शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२चा लेख आद्य मराठी शिलालेख म्हणून ओळखला जातो. वाचता आला नाही तरी मांडणी बघता येते. गद्धेगाळ प्रकारच्या दगडांवर, म्हणजे शाप कोरलेल्या दानलेखांवर, सहसा वर सूर्य-चंद्र, मध्ये मजकूर आणि खाली शापाचं शिल्प असतं: दान किती काळ टिकावं, ते काय आहे, आणि मोडणाऱ्याचं काय होईल. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्यापर्यंतही वरचा आणि खालचा भाग पोचतो.

सावंतवाडीच्या गंजिफांवर, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांवर, मात्र जास्त वेळ द्या. राजवाड्यात कारागीर त्या रंगवताना बघायला मिळतात. पत्ते गोल. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२०. संख्या आकड्यांनी लिहिलेली नाही, चिन्हं तितक्या वेळा काढलेली आहेत. आता खरा प्रश्न: गोलात सात आणि आठ, किंवा नऊ आणि दहा, न मोजता वेगळे कसे ओळखायचे? मत्स्य अवताराचे पत्ते मागून घ्या आणि हे चार पत्ते शेजारी ठेवा. मासे ओळीत आहेत की वर्तुळात, मध्ये एखादा एकटा ठेवलाय का, त्यांची तोंडं कुठे वळवलीत, आकार किती घटवला. मांडणीचा विचार शिकायला यापेक्षा चांगला धडा क्वचितच मिळेल. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ बंद पडली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या कारागिराकडून ती पुन्हा उभी करून घेतली.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी बघा. सुट्या कागदांवरची चित्रं एकेक करून दाखवत कथा सांगायची, संचाला पोथी म्हणतात. समोर बसलेल्या प्रेक्षकांना दिसावीत म्हणून ठळक बाह्यरेषा, मोठे डोळे, मोकळी पार्श्वभूमी. इथेही पहिली पायरी विसरू नका: चित्र जिथून बघायचं तिथूनच बघा.

घरी करायचा सराव

फोटोतला एक शब्द ए-४ कागदावर छापा, ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त बाह्यरेषा काढा. भरू नका. भरल्यावर डोळा शब्द वाचू लागतो, आकार बघत नाही. मग अक्षरांमधल्या पोकळ्या तेवढ्या भरून दुसरा कागद करा. जागा कुठे चुकली ते या कागदावर लगेच दिसतं.

बोरूचं वळण समजायला दोन पेन्सिली रबरबँडने घट्ट बांधा, टोकांत सुमारे १ सेंटिमीटर अंतर ठेवा. डावं टोक वर, उजवं खाली, असा ४५ अंशांचा तिरपा धरा आणि तो कोन अजिबात न बदलता लिहा. अक्षराची उंची टोकांमधल्या अंतराच्या पाचपट धरा. आडवी आणि उभी रेघ सारख्याच जाडीची येते, डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी तिरकी बारीक होते, उलट तिरकी सगळ्यात जाड. 'र'चा पाय काढून बघा, तो बारीक येईल. रोमन टाकाचा कल नेमका याच्या उलट असतो. म्हणून रोमनची जाडी-बारीकी जशीच्या तशी देवनागरीवर चढवलेले फलक काहीतरी बिघडल्यासारखे दिसतात, आणि ते का हे आता कागदावर दाखवता येतं. मनगट वळलं की पेन्सिलींचा कोन बदलतो आणि सगळा हिशोब फिसकटतो. सुरुवातीला कागदच थोडा फिरवून घ्या.

एवढं झाल्यावर मोठ्या कामांकडे वळा. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांची मराठी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं जुन्या वर्तमानपत्रांत शोधा. नाटकाचा स्वभाव त्यांनी अक्षराच्या कोणत्या अवयवातून दाखवला, वेलांटीतून, जोडाक्षरातून की नुसत्या जागेतून, ते लिहा. र. कृ. जोशी यांचा 'मंगल' हा फाँट तर विंडोज संगणकावर मिळतो; कमी बिंदूंच्या पडद्यावर वाचता यावा म्हणून त्यात काय काय साधं केलंय ते मोठा करून बघा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ साली सुरू झालेलं आहे. अशा जुन्या वाचनालयांत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची संस्कृत किंवा मराठी पुस्तकं आहेत का ते विचारा. भिंग लावा. शिरोरेखेत बारीक फटी दिसतील, तिथे शिशाचा एक खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, संपून दुसरा सुरू झालाय.

पाटी रंगवून घ्यायची झाली तर

शिकलेलं वापरून बघायचा हा उत्तम मार्ग. मजकूर टाइप करून, शुद्धलेखन तपासून, कागदावर द्या. फोनवर सांगू नका. किती फुटांवरून वाचायची आहे ते सांगा आणि अक्षराची उंची पेंटरला ठरवू द्या. पत्र्याची पाटी असेल तर भोकं आधी पाडून घ्या आणि मगच प्रायमर मारा, दोन्ही बाजूंना आणि कडांनाही. खाऱ्या हवेत गंज नेहमी कापलेल्या कडेपासून आणि खिळ्याच्या भोकापासून सुरू होतो, मागून आधी, आणि पुढून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काम दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत करून घ्या. दमट हवेत ऑईल पेंट लवकर वाळत नाही आणि ओल्या थरावर धूळ बसते.

पेंटरने खडूने मांडणी केली की थांबायला सांगा. 'ध', 'भ'ची फट, रफार नेमका कुणाच्या डोक्यावर, शेवटच्या अक्षराला जागा, खालच्या ओळीशी उकारांचं अंतर, एवढं तपासा. खडू ओल्या फडक्याने पुसता येतो. रंगातली चूक टर्पेंटाईनने काढून मागचा रंग पुन्हा मारावा लागतो आणि तो ठिगळासारखा कायम दिसतो. त्यामुळे डबा उघडण्याआधी, ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशा कुणाकडून तरी पाटी मोठ्याने वाचून घ्या.